गॅस भरला, पण आधीचा गेला कुठे?

होळी झाली की आमच्या येरवड्याच्या वस्तीत विजेच्या खांबांवर छोटे छापील कागद चिकटू लागतात. ‘एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्ती. गॅस भरून मिळेल.’ खाली एक मोबाइल नंबर. पंधरा वर्षांपूर्वी हे कागद कल्याणीनगर आणि कोरेगाव पार्कच्या सोसायट्यांपुरते असत. आमच्याकडे त्यांना गिऱ्हाईकच नव्हते. आता आहे. कुणी साहेबांनी काढून टाकलेला एसी घेतला, कुणी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणला, कुणी हप्त्याने नवा बसविला. आमच्या लोकांना चैन सुचू लागली असे कुणी म्हणेल, तर त्याने मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली बसून दाखवावे. २०१९ च्या एप्रिल अखेरीस शिवाजीनगरच्या वेधशाळेत, म्हणजे जुने पुणेकर ज्याला सिमला ऑफिस म्हणतात तेथे, पारा ४३ अंशांवर गेला होता. वेधशाळेचा तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत असतो. आमची माणसे अशा पेटीत राहत नाहीत.

आमच्या घरी एसी आला तो वडिलांसाठी. वडील खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले, हृदय कमकुवत. वस्तीतले लहानथोर त्यांना आबा म्हणतात. डॉक्टरांनी सांगितले, यांना उकाड्यात ठेवू नका. २०२१ च्या डिसेंबरात कचेरीतल्या एका सहकाऱ्याने घर बदलले, तेव्हा त्याचा एक टनाचा जुना स्प्लिट एसी आम्ही नऊ हजार रुपयांना घेतला. खालची दहा बाय बाराची खोली, वर पत्र्याची खोली, मागच्या भिंतीला नाला. भिंतीत लोखंडी अँगल ठोकून बाहेरचा डबा बसविला. पहिले दोन महिने घर सिमला झाले.

२०२२ च्या एप्रिलमध्ये हवा कोमट येऊ लागली. खांबावरचा नंबर फिरविला. दोन मुले आली, पाइपला हात लावून म्हणाली, “गॅस संपलाय.” बावीसशे रुपये. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गार. २०२३ च्या एप्रिलमध्ये तोच प्रकार, माणूस दुसरा, रुपये पंचवीसशे. २०२४ च्या मार्चमध्ये तिसरा, अठ्ठावीसशे. आम्ही बी. कॉम. आहोत. आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशांची बेरीज केली, स्वतःची करायला तीन वर्षे लागली. नऊ हजारांच्या यंत्रात साडेसात हजारांचा गॅस गेला होता. शिवाय विजेचे बिल. एरवी उन्हाळ्यात सव्वादोनशे युनिटच्या आसपास राहणारे आमचे घर त्या एप्रिलमध्ये ३४० वर गेले. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटनंतर भाव चढतो आणि तीनशेनंतर आणखी चढतो. म्हणजे वरची चाळीस युनिटे आमच्या डोक्यावर सगळ्यांत महाग बसली.

तिसरा माणूस पैसे घेऊन जिना उतरत होता तेव्हा आबांनी खाटेवरून विचारले, “अरे बाळा, गॅस संपतो म्हणजे काय? आपण काय त्यावर भाकऱ्या भाजतो का? बंद नळीतला गॅस गेला कुठे?”

तो हसला आणि गेला. आम्हीही हसलो. पण कारखान्यात पस्तीस वर्षे मशीनवर काढलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि आमच्यासारख्या शिकलेल्याने तो तीन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता.

शब्दाने केलेला घोटाळा

सारा घोटाळा ‘गॅस’ या शब्दाने केला आहे. आपल्या घरात गॅस म्हटले की सिलिंडर आठवतो. तो जळतो, संपतो, महिन्या-दीड महिन्याने दुसरा येतो. एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. तो शरीरातल्या रक्तासारखा तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरत राहतो. आतल्या डब्यात तो कमी दाबाखाली द्रवरूपातून उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता शोषून घेतो. माठाच्या अंगावरचे पाणी सुकताना आतले पाणी गार करते, त्याच जातीची ही गोष्ट. बाहेरच्या डब्यात कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवितो, पंखा ती उष्णता गल्लीत फेकतो, गॅस पुन्हा द्रव होतो आणि आत येतो. नळ्या शाबूत असतील तर तोच गॅस दहा-पंधरा वर्षे पुरतो. घरातला फ्रिज आठवा. आमच्या पत्नीचा फ्रिज चौदा वर्षांचा आहे आणि त्यात कुणी कधी गॅस भरलेला नाही.

तेव्हा दरवर्षी गॅस भरावा लागतो याचा अर्थ एकच. कोठेतरी भोक आहे. भोक न बुजविता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतून पुन्हा पुन्हा पाणीपट्टी भरणे.

एसीचा ‘टन’ म्हणजे यंत्राचे वजन, असे आम्हालाही वाटत होते. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या कारखान्यांच्या काळापासून हे माप चालत आले. आणि एसी जन्माला आला तो माणसासाठी नव्हेच. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंग जुळेनात, म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली. कागद सुखात राहावा म्हणून. माणसाची पाळी नंतर आली, आणि तिच्यात आमची पाळी शंभर वर्षांनी.

भाचा आला

आमच्या बहिणीचा मुलगा औंधच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड करून एका ठेकेदाराकडे लागला आहे. आधी त्याला बोलावले नाही, कारण घरच्या मुलाला काम सांगायचे तर पैसे कसे द्यायचे हा आमचा संकोच, आणि मामाकडून पैसे कसे घ्यायचे हा त्याचा. या दुहेरी संकोचापायी साडेसात हजार गेले होते. २०२४ च्या मे महिन्यात रविवारी तो दोन सिलिंडर, एक वजनकाटा आणि एक पंप घेऊन आला.

त्याने प्रथम आम्हाला बाहेरच्या डब्यावरची पत्र्याची पाटी वाचायला लावली. यंत्र २०१३ चे. गॅस आर-२२. वजन ८०० ग्रॅम. “मामा, आतापर्यंत कुणी वजन करून गॅस भरला का?” कुणीच नाही. तिघांनी गेज लावले होते, पाइप हाताला गार लागला की ‘झाले’ म्हटले होते. वास्तविक यंत्रात किती गॅस हवा हे कंपनीने ग्रॅममध्ये लिहून ठेवलेले असते. किराणा दुकानात शंभर ग्रॅम चहापत्तीला आपण काट्याकडे बघतो आणि हजारो रुपयांचा गॅस मात्र डोळे मिटून घेतो.

मग त्याने आतल्या डब्याच्या मागे, भिंतीतून पाइप बाहेर जातो त्या नटाजवळ टॉर्च मारला. नटाभोवती तेलकट काळा डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेल फिरत असते. गॅस गळतो तेथे तेही पाझरते आणि त्यावर धूळ बसते. साबणाचा फेस लावल्यावर एकेक बुडबुडा सावकाश फुगू लागला. आबांना खाटेवरून उठवून तो दाखविला. “हा बघ, हा आपला साडेसात हजारांचा चोर,” म्हणाले.

तांब्याच्या नळीचे तोंड फुलपात्राच्या काठासारखे पसरवून त्यावर नट आवळतात. त्याला ही मुले फ्लेअर म्हणतात. घाईत केलेला फ्लेअर वाकडा झाला, नट कमी आवळला किंवा फार आवळून तांबे चिरले, तर तेथून गॅस जातो. अँगल हलका असेल, बाहेरचा डबा थरथरत असेल, तर चांगला सांधाही सैल होतो. नाल्याशेजारच्या घरांना आणखी एक भीती आहे. नाल्यातून सुटणाऱ्या गंधकयुक्त वायूने तांबे काळे पडून खाल्ले जाते. आमच्या गॅलरीतला तांब्याचा तांब्या का काळवंडतो, याचा उलगडा त्या दिवशी झाला.

पुढचे काम दीड दिवस चालले. उरलेला गॅस त्याने हवेत सोडला नाही. ठेकेदाराकडून मागून आणलेल्या मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि वजन केले. ४७० ग्रॅम. मार्चमध्ये ‘फुल्ल’ भरलेल्या यंत्रातून मेपर्यंत किती गेला, की मुळात भरलाच कमी होता, हे आता कोण सांगणार? जुने फ्लेअर कापून नवे केले, तेलाचे बोट लावून नट आवळले. नंतर नळ्यांत नायट्रोजन भरून २५० पौंडांचा दाब दिला आणि काट्यावर पेन्सिलीने खूण करून, शेजारी त्या वेळचे तापमान लिहून, रात्रभर तसेच ठेवले. रात्री हवा गार झाली की दाब थोडा उतरतोच, म्हणून तापमान लिहायचे. सकाळी उन्हे वर आल्यावर काटा पुन्हा खुणेवर होता. मग पंपाने पाऊण तास नळ्यांतली हवा आणि ओल खेचून काढली. ओल राहिली तर ती बारीक नळीत गोठून वाट अडविते आणि तेलात मिसळून आम्ल तयार करते. ते आम्ल कॉम्प्रेसर आतून खाते. आधीच्या तिघांपैकी कुणाजवळ हा पंप नव्हता. शेवटी काट्यावर सिलिंडर ठेवून आधीचा गॅस गाळून परत आणि वर ३३० ग्रॅम नवा. एकूण ८००.

एक धोक्याची सूचना येथेच देतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. दाब देण्यासाठी नायट्रोजनच वापरायचा. नायट्रोजन नाही म्हणून कुणी वेल्डिंगचा ऑक्सिजन जोडू लागला तर त्याला घराबाहेर काढा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो.

गॅस भरल्यानंतरचा पहिला आठवडा

गॅस भरून माणूस गेला की आपण रिमोट १८ वर ठेवून दार लावून घेतो. खरे काम तेव्हा सुरू होते. भाच्याने आम्हाला दीडशे रुपयांचा तापमापक आणायला लावला आणि शाळेची एक वही स्विचबोर्डाजवळ टांगली. एसी पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर वरच्या जाळीतून आत जाणारी हवा किती अंश आणि खालून येणारी किती, हे रोज एकाच वेळी लिहायचे. दोहोंत आठ ते बारा अंशांचा फरक असला की ठीक. पावसाळी दमट हवेत फरक थोडा कमी येतो, त्याने घाबरू नये. पण पहिल्या दिवशी अकरा, आठवड्याने नऊ, पंधरा दिवसांनी सहा अशी उतरण दिसली तर गळती अजून आहे. अशा वेळी पावती आणि वही घेऊन त्याच माणसाला बोलवावे. वहीपुढे कुणाला ‘तुम्हाला तसे वाटते’ असे म्हणता येत नाही.

बाहेरच्या डब्याजवळ दोन पाइप असतात, एक जाड, एक बारीक. जाड पाइप गार आणि घामेजलेला असावा. बारीक पाइपवर किंवा आतल्या जाळीवर बर्फ धरू लागला, तर गॅस कमी आहे किंवा फिल्टर धुळीने बुजला आहे. दोन्हींची खूण एकच, म्हणून आधी फिल्टर धुऊन पाहावा. पाणी फुकट आहे, गॅस नाही. आमच्याकडे मागे रस्त्याचे काम चालू होते तेव्हा आठ दिवसांत फिल्टर गोधडीसारखा होई. एरवी पंधरा दिवसांनी धुतला तरी चालते. आणि बर्फ धरला तर चाकूने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. आतली पत्र्याची पाने आणि नळी भोसकली जाते. एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, बर्फ आपोआप उतरतो.

एप्रिलमध्ये एसीच्या नळीतून पाणी टपकत नाही म्हणून शेजारच्या एका ताईंनी गॅस भरून घेतला. पुण्याचा एप्रिल कोरडा. हवेत पाणीच नाही तर टपकणार कोठून? जूनमध्ये त्याच नळीखाली बादली भरते. पाण्यावरून गॅस ओळखायचा नाही.

गॅस जास्त भरणे हाही आजार आहे. ‘थोडा वर भरून ठेवतो, दोन वर्षे बघायला नको,’ असे म्हणणारे भेटतात. जास्त गॅसने दाब वाढतो, विजेचा प्रवाह वाढतो, भर दुपारी बाहेरचा डबा तापून ट्रिप होतो, आणि गॅस वाफ न होता द्रवरूपानेच कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर कॉम्प्रेसर मोडतो. तेव्हा पाटीवरचे वजन हेच प्रमाण.

आता बिलाविषयी. कमी गॅसवर चालणाऱ्या यंत्राची गंमत अशी की ते तासाला थोडी कमीच वीज ओढते, म्हणून करंट मोजून कुणी सांगेल की सगळे ठीक आहे. पण खोली गार होत नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबतच नाही. आमच्यासारखा जुना एक टनी एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण एक युनिट, थोडे वर, घेतो. आठ तासांत कॉम्प्रेसर पाच तास चालला की आठही तास, यात महिन्याला शंभर युनिटांच्या आसपास फरक पडतो. भोक बुजविल्यावर जूनच्या बिलात आमची युनिटे अडीचशेच्या आत आली.

रिमोट २५ वर ठेवतो, छताचा पंखा एकवर. दिल्लीच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे सांगणे असे की एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून स्टारवाले नवे एसी मूळचेच २४ वर लावलेले येतात. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते हा आमच्या मुलाचा लाडका समज होता. साधा एसी गार करण्याचा वेग बदलत नाही, फक्त उशिरा थांबतो. मुलाला हे पटलेले नाही, पण रिमोट आता आबांच्या उशाखाली असतो. वीज जाऊन आली तर तीन मिनिटे थांबून मगच चालू करतो, म्हणजे नळ्यांतले दाब समान होतात आणि कॉम्प्रेसरला झटका बसत नाही.

आणि एक कबुली. एसी असूनही मार्च-एप्रिलच्या दुपारी आम्ही साधा वाळ्याचा कूलरच लावतो. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो आणि पंख्यापेक्षा थोडीच जास्त वीज घेतो. मेच्या मध्यापासून ढग येऊ लागले, हवा चिकट झाली की कूलर हरतो. तेव्हा एसी. वरच्या पत्र्याला त्या वर्षी चुन्याचे दोन हात दिले. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेत माणसे गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांतली छपरे पांढरी रंगविण्याचे काम हाती घेतले. चुना शंभर-दोनशे रुपयांचा, गॅस अठ्ठावीसशेचा. आम्ही हे उलट्या क्रमाने शिकलो.

जुना गॅस, नवा गॅस

आमच्या यंत्रातला आर-२२ हा जाण्याच्या वाटेवर असलेला गॅस आहे. पृथ्वीभोवतीचा ओझोन वायूचा थर सूर्याचे घातक किरण अडवितो. एसी-फ्रिजमधील क्लोरीनयुक्त गॅस तो थर खातात, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितले. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावर त्या थराला पडलेले खिंडार प्रत्यक्ष आढळले आणि १९८७ मध्ये माँट्रियल येथे करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. त्यानुसार नव्या यंत्रांतून आर-२२ ला २०२४ अखेर निरोप द्यायचा होता आणि २०३० पर्यंत, जुन्या दुरुस्त्यांपुरती थोडी सवलत सोडून, तो बंद व्हायचा आहे. म्हणजे तो दुर्मिळ आणि महाग होत जाणार. गळके आर-२२ यंत्र पोसणे वर्षागणिक अवघड होईल. जुना एसी घेताना म्हणूनच ती पाटी वाचावी.

नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ असतो, काहींत आर-४१० ए, आणि गोदरेजसारख्या कंपनीने २०१२ च्या सुमारास आर-२९० चे एसी आणले. या प्रत्येकाचे दाब आणि तेल निराळे. एकाच्या जागी दुसरा भरायचा नाही, ‘माझ्याकडे आज हाच आहे’ असे कुणी म्हटले तरी नाही. आर-३२ पेट घेऊ शकतो, फार सहज नव्हे इतकेच. आर-२९० म्हणजे तर प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूचा सख्खा भाऊ. ओझोनला तो निरुपद्रवी, हवामानालाही चांगला. पण गळती शोधताना काडी किंवा दिवा पेटवायचा नाही, दारे-खिडक्या उघड्या हव्यात, आणि तो काम माहीत असलेल्या माणसानेच हाताळावा. एक किलो आर-२२ हवेत सोडणे म्हणजे सुमारे १८०० किलो कार्बन डायॉक्साइड सोडण्याइतके हवामान तापविणे, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आमच्या त्या सांध्यातून तीन वर्षांत किती गेले असेल याची बेरीज आम्ही केली नाही. एका बेरजेची लाज पुरेशी होती.

तीन मुलांविषयी

त्या तिघांना लबाड म्हणून मोकळे व्हावे, असे प्रथम आम्हालाही वाटले. भाच्याने ते होऊ दिले नाही. म्हणाला, “मामा, ती पोरं आपल्यातलीच. एजन्सी त्यांना कॉलमागे पैसे देते, दिवसाला सात-आठ कॉल. नायट्रोजनचा सिलिंडर खांद्यावर, पंप हातात, तिसरा मजला. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? ‘ते टेस्टिंगबिस्टिंग राहू द्या, घरात म्हातारं माणूस तापलंय, गॅस भरा नि व्हा मोकळे.’ तुम्ही काय म्हणाला होतात?”

आम्ही अगदी हेच म्हणालो होतो.

एप्रिल-मेमध्ये ही मुले चौथ्या-पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर, बाहेरच्या डब्यावरच पाय देऊन काम करतात. पट्टा बहुतेकांजवळ नसतो, असला तर बांधायला जागा नसते, जागा असली तर वेळ नसतो. भाच्याच्या आईने, आमच्या बहिणीने, त्याचे काम प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. त्या रविवारी ती आमच्याकडे होती. तो मागच्या भिंतीवर नाल्याच्या बाजूने चढला तेव्हा ती खालून एक शब्द बोलली नाही, फक्त शिडी दोन्ही हातांनी धरून दोन तास उभी राहिली. सरकारच्या २०१९ च्या शीतलीकरण आराखड्यात असे एक लाख कारागीर शिकवून त्यांना प्रमाणपत्र देण्याचा संकल्प आहे, ही चांगली गोष्ट. पण प्रमाणपत्र असलेल्या मुलाचे दीड दिवसाचे काम विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार नसेल, तर तोही उद्या पाइपला हात लावून ‘संपलाय’ म्हणू लागेल. तेव्हा बोलावताना फोनवरच सांगावे की गॅस भरायचा नाही, गळती शोधायची आहे. नायट्रोजन, पंप आणि काटा घेऊन या. त्याचे काय पडतील ते आधी ठरवावे आणि पावतीवर गॅसचे नाव व ग्रॅम लिहून घ्यावेत. आम्ही भाच्याला साडेतीन हजार दिले. तो घेत नव्हता. आबांनी दटावले, “कामाचे पैसे आहेत, मामाचे नाहीत.” त्यातून त्याने पट्टा घेतला.

२०२५ च्या मार्चमध्ये कूलर उतरवून एसीचे फिल्टर धुतले, भाच्याला बोलावून म्हटले की एकदा गेज लावून बघ. तो जिन्यातच थांबला. “हवा गार येते ना? मग गेज कशाला? लावताना-काढताना दर वेळी थोडा गॅस जातोच. वही काढा.” आबांनी उशाखालून रिमोट काढला, आम्ही तापमापक धरला. जाळीत जाणारी हवा ३१, खालून येणारी २०. आबांनी चष्मा पुसून स्वतःच्या अक्षरात ११ लिहिले आणि खाली तारीख टाकली.